नमुना

ग्रामपंचायतीत तेहतीस नमुने असतात.
नमुना आठ : कोणाचं घर केवढं.
नमुना नऊ : कोणाची पट्टी किती थकली.
बावीस वर्षं मी हेच लिहीत आलो,
खारशेतच्या पंचायतीत, पंख्याखाली,
कागद उडू नयेत म्हणून वर वजनकाट्याचं माप ठेवून.

मग बोर्डाचा माणूस आला,
थर्मोकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात दोन बाटल्या.
म्हणाला, नमुना पाहिजे.
मी विचारलं, कितवा?
तो हसला नाही.

दोनशे बारा उंबरे, एक गटार.
तांदळाचं धुवण, मासळीचं धुवण, साबण,
भरून वाहणाऱ्या संडासाच्या टाक्या,
गोदामावरच्या पोरांच्या आंघोळी,
सगळं जेट्टीच्या उजव्या अंगाला खाडीत उतरतं.
तिथे त्याने बाटली बुडवली,
लेबलावर लिहिलं : सकाळी अकरा वीस.

चाळीस दिवसांनी कागद आला.
मर्यादा तीस. आढळले एकशे चौदा.

ग्रामसभेत सरपंच पद्माकर केणी म्हणाले, तीस काय? तीस किलो?
हशा पिकला.
तेव्हा कॉलेजात जाणारी भाविका मागून बोलली :
पाण्यात जे कुजतं त्याला हवा लागते, काका.
ती निवट्यांच्या तोंडातून काढली जाते.
हसणारे जरा गप्प झाले. निवट्या गेल्याला किती वर्षं झाली
हे कोणी कोणाला विचारलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. कोणीतरी खाडीपल्याड बोट केलं,
घोडबंदरच्या अंगाला, चाळीस मजली दिव्यांकडे :
त्यांचं कुठे जातं?
प्रश्न खरा होता.
पण खुलाशाच्या रकान्यात समोरच्याचं नाव लिहिता येत नाही.

चांगीबाय भोईर कधी सभेला येत नाही.
त्या दिवशी दारात उभी होती, पायांना चिखल.
गाव तिलाही नमुनाच म्हणतं :
खाजणाची शेती विकली गेली, बांधावर गोदामं चढली,
तरी ही बाई उघाडीच्या फळ्यांना अजून तेल लावते.
तिने विचारलं, बाटली भरली ती तिथ कनची?
मी तारीख सांगितली.
तारीख नको रं. तिथ.
भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. चतुर्थी.
तिने बोटांवर पाऊणपट केली : तीनला भरती.
म्हंजे अकराला पानी चरत व्हता.
गटार तोंड मिटून उभा, आन तुमी त्याचे तोंडान बाटली घातली.

केणींना वाटलं, सुटलो. खुलासा सापडला.
चांगीबाय म्हणाली, सुटला कंचा?
घान तवरीच हाय.
सोरायची कवा, आन तवर ठेवायची कुठं, ता बोला.

तिच्या वाट्याचे दोन कोंड उरले होते, गोदामाच्या पाठीमागे.
गटाराचं तोंड तिकडे वळवायला आठ महिने गेले,
त्यातले सहा ठरावाला अनुमोदक मिळवण्यात.
वास येईल म्हणून वरची आळी भांडली. आला.
मग पाणकणीस वाढलं, कमरेएवढं, मग डोक्याएवढं,
आणि वास कमी झाला की आम्हाला सवय झाली,
हे मी नक्की सांगू शकत नाही.

दुसरी बाटली : एकेचाळीस.
तीस नाही. नोटीस अजून उभी आहे.

सोबत एक फॉर्म होता. त्यात रकाना : विसर्गाची वेळ.
मी लिहिलं, तिथीची पाऊणपट, त्यावर एक तास.
फॉर्म परत आला, लाल शाईत शेरा :
वेळ अंकात नमूद करावी.

अजून केलेली नाही.
संध्याकाळी कुलूप लावून मी उघाडीवर जातो.
फळीची एक कड तिच्या हातात, एक माझ्या.
हल्ली पाऊणपट मलाही जमते, तोंडी,
आणि मी घाई करतो, घड्याळ बघून फळी उचलायला जातो.
ती पाण्यात अंगठा धरून बसलेली असते.

थांब जरा, म्हणते.
भरती मोरू दे.